चिकित्सेचा तिसरा पाय

‘शुश्रूषा’ या शब्दाची फोड वर्गात सांगितली की विद्यार्थी दरवेळी चकित होतात. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. त्या धातूचे हे इच्छार्थक रूप. शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य त्याची सेवा करतो, म्हणून शुश्रूषा म्हणजे सेवा. आणि पुढे केव्हा तरी हा शब्द आजाऱ्याच्या उशाशी येऊन स्थिरावला. अर्थविस्ताराचे उदाहरण म्हणून मी तो बरीच वर्षे शिकवतो आहे. भिवंडीतल्या माझ्या वर्गात एकदा तिसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारले, “पण सर, ऐकायचं कोणाचं? पेशंटचं की डॉक्टरचं?” तिची आई आशा स्वयंसेविका आहे, हे मला नंतर समजले. त्या तासाला मी काहीसे गुळमुळीत उत्तर दिले आणि पुढच्या शब्दाकडे वळलो. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजायला हरकत नाही.

आरोग्यसेवेत डॉक्टर किती असावेत, परिचारिका किती असाव्यात, आणि कोणते काम कोणी करावे, हा प्रश्न वरवर पाहता खर्चाचा आणि हिशेबाचा वाटतो. तो अर्थखात्याने किंवा आरोग्यखात्याने सोडवावा, साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात का पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु कोणाच्या ज्ञानाला ज्ञान म्हणायचे, कोणाच्या श्रमाला सेवा म्हणून फुकटात किंवा अर्ध्या दरात उचलायचे, हे ठरते ते आधी भाषेत. निदान आपल्याकडे तरी ते तसे ठरलेले दिसते. माझे मत आरंभीच सांगून टाकतो: हे प्रमाण बदलले पाहिजे, परिचारिकांच्या बाजूने बदलले पाहिजे, आणि ते बदलताना त्यांना अधिकार व वेतन मिळणार नसेल तर मुळीच बदलू नये.

आधी गावाविषयी. २०११च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या सुमारे ७ लाख १० हजार होती. ती आज किती असेल याचा अंदाज रस्त्यावरच्या गर्दीवरूनच करायचा. यंत्रमागांचे हे शहर. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले कारीगर, पद्मानगरातले तेलुगू विणकर, जुने कोकणी मुसलमान, आगरी-कोळी, आणि तालुक्यात वारली-कातकरी. बारा-बारा तासांच्या पाळ्या, कापसाची धूळ, मागाच्या खडखडाटाने बधिर झालेले कान, क्षयरोग. शहराच्या कडेने आता गोदामांची वस्ती वाढली आहे आणि तालुक्यात वीटभट्ट्यांवर दर हंगामाला कुटुंबे येतात व जातात. सरकारी सेवेचा मुख्य आधार म्हणजे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय. प्रकरण गुंतागुंतीचे असेल तर ठाणे, कळवा किंवा थेट मुंबई. बाकी सगळा भार गल्लोगल्लीच्या दवाखान्यांवर आणि लहान खासगी रुग्णालयांवर.

२०२२च्या नोव्हेंबरात गोवरने डोके वर काढले तेव्हा मुंबईतल्या गोवंडीच्या आणि मालेगावच्या बरोबरीने भिवंडीचे नाव वर्तमानपत्रांत येऊ लागले. मुले दगावली. कोविडच्या काळात चुकलेल्या लसी, दाट वस्ती, कुपोषण आणि लसीविषयीची धास्ती अशी कारणे तेव्हा चर्चिली गेली, आणि ती खरीच होती. गोवरावर रामबाण औषध नाही. आजार झाल्यावर जीवनसत्त्व ‘अ’ द्यायचे, गुंतागुंत सांभाळायची. तो अडवता येतो लसीने, आणि तीही दोन मात्रांत: पहिली नवव्या महिन्यानंतर, दुसरी दीड वर्षाच्या आसपास. म्हणजे कोणाचे मूल कधी जन्मले, ते घर सोडून कोठे गेले, दुसरी मात्रा राहिली का, सासू नको म्हणते का, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या हातात गोवराचा बंदोबस्त असतो. हे ज्ञान आरोग्य सेविकेजवळ असते, आशांजवळ असते. त्या हिवाळ्यात घरोघरी फिरून याद्या करणाऱ्या बायका मी पाहिल्या. चौथ्या मजल्यावर चढून दार उघडले जात नाही म्हणून पुन्हा संध्याकाळी येणाऱ्या. त्यांच्यापैकी एकीच्याही हाताखाली अधिक माणसे असती, तर डॉक्टरांची संख्या दुप्पट करूनही जे साधले नसते ते साधले असते, असे मला तेव्हाही वाटले होते.

उपकेंद्राचा सरकारी मापदंड सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे एक आणि आदिवासी वा डोंगराळ भागात ३,००० मागे एक असा आहे, आणि तिथला कणा म्हणजे आरोग्य सेविका. गर्भवतीची नोंद, लसीकरण, कुटुंबनियोजन, तापाचे नमुने, आणि या सगळ्यांची रजिस्टरे. कामाचा किती भाग रुग्णाच्या अंगाला हात लावण्यात जातो आणि किती भाग रकाने भरण्यात, हे कोणत्याही आरोग्य सेविकेला विचारून पाहावे.

आता एक घरचा अनुभव. काही वर्षांपूर्वी माझ्या काकांचे खुब्याचे हाड मोडले. एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली. सर्जन निष्णात होते आणि मी आजही त्यांच्याविषयी आदरानेच बोलतो. रात्री त्या मजल्यावर चौदा रुग्णांमागे एक मुलगी असे. पांढरा कोट, सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणत. बोलता बोलता समजले की ती बारावी झालेली होती, परिचर्येचे कोणतेही रीतसर शिक्षण तिने घेतलेले नव्हते, तिथेच दोन-तीन महिने काम पाहून ती शिकली होती. सलाइनचे थेंब ती मन लावून मोजी. पण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे असते, हे तिला कोणी सांगितले नव्हते; आणि सांगितले असते तरी चौदा जणांत ते तिला एकटीला जमले नसते. आम्हां घरच्यांनाही ते ठाऊक नव्हते. नवव्या दिवशी माकडहाडाजवळ लाल चट्टा दिसला. पुढे त्याची जखम झाली, ती खोल गेली, आणि अडीच महिन्यांनी काका त्या जखमेच्या संसर्गाने गेले. हाड मात्र सांधले होते. क्ष-किरणाचे ते शेवटचे चित्र अजून घरात आहे.

त्या मुलीवर माझा राग नाही. तिला महिन्याला काय मिळत होते ते मी विचारले होते. तो आकडा इथे लिहायला मला संकोच वाटतो.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण आपल्या सर्वांना परिचित आहे, परंतु ते आपण भलत्याच संदर्भात आठवतो. अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हल्ला झाला. त्या स्वतः तिथे परिचारिका होत्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली जवळजवळ ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात होत्या. दयामरणाच्या प्रश्नावर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. पण ज्या माणसासाठी वैद्यकशास्त्राजवळ करण्यासारखे फारसे काही उरले नव्हते, त्या माणसाला चार दशके भरवणे, स्वच्छ ठेवणे, कुशीवर वळवणे, पाठीला जखम होऊ न देणे हे ज्ञान कोणाचे होते? परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी ते एकमेकींकडे सोपवले. आपण त्याला माया म्हटले, भगिनीभाव म्हटले. ती माया होतीच. पण निव्वळ मायेने पाठ शाबूत राहत नाही, हे मी काकांच्या बाबतीत पाहिले आहे. आमच्या घरात मायेला तोटा नव्हता.

आपल्या जुन्या वैद्यकाला ही गोष्ट ठाऊक होती, असे दिसते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता म्हणजे परिचर, आणि रोगी. यांपैकी तिसऱ्याचे गुणही नोंदले आहेत: उपचाराचे ज्ञान, दक्षता, ज्याची सेवा करायची त्याच्याविषयी अनुराग, आणि शुचिता. यादीत ज्ञान पहिले आहे, अनुराग नंतर येतो, हे लक्षात घेण्यासारखे. अर्थात त्याच अध्यायात वैद्य हाच चौघांत प्रधान असेही बजावले आहे. कुंभारावाचून माती आणि चाक जसे निरुपयोगी, तसे बाकीचे तीन पाय, असा दृष्टान्त दिला आहे. म्हणजे समतेचा दाखला म्हणून चरकाला उभे करता येणार नाही. प्राचीन ग्रंथांतून आधुनिक विचार शोधून काढण्याचा आपला जुना छंद आहे. त्याच्या वाटेला न जाता एवढेच म्हणू, की तिथे परिचराला निदान एक पाय तरी दिला होता.

पुढे त्या पायाचे काय झाले ते मराठी शब्दांत दिसते. सरकारी मराठीत ‘परिचर’ म्हणजे चतुर्थश्रेणी कर्मचारी, शिपाई. त्याच धातूची ‘परिचारिका’ ही प्रशिक्षित व्यावसायिक स्त्री, आणि रुग्णालयांच्या आस्थापनेत तिच्याभोवती अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी पदांची उतरंड. यांतला एकही शब्द रुग्णाच्या तोंडी नाही. तो ‘सिस्टर’ म्हणतो. आया असेल तर ‘मावशी’, वॉर्डबॉय असेल तर ‘मामा’. डॉक्टर मात्र डॉक्टरच राहतात. त्यांना कोणी काका म्हणत नाही. नात्याच्या हाकेत जिव्हाळा आहे, हे खरे. पण बहिणीने आणि मावशीने पगार मागू नये, अशी एक अपेक्षाही त्या हाकेत शिरलेली असते. ‘आशा’ या पदाचे अधिकृत मराठी नाव तर ‘स्वयंसेविका’. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात हे पद निर्माण झाले. स्वयंसेविकेला वेतन नसते, कामागणिक मोबदला असतो. तिच्या वेतनाचा प्रश्न उपस्थित होऊ नये याची तजवीज नावातच केलेली आहे. २०२२च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात आणि नंतर २०२४च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले.

हे असे का झाले, याचे एक उत्तर जातीत आहे आणि ते टाळण्यात अर्थ नाही. मलमूत्र, रक्त, जखमेचा स्राव, प्रसूती या गोष्टींना हात लावणे हे आपल्याकडे विटाळाचे काम. बाळंतपण करणारी सुईण घरात येई, नाळ कापी, आणि मग तिने स्पर्श केलेले सारे धुऊन घेतले जाई. तिचे कौशल्य घ्यायचे आणि तिचा स्पर्श नाकारायचा, अशी ती व्यवस्था होती. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात आधुनिक रुग्णालये आली तेव्हा परिचर्येचे काम प्रामुख्याने ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन स्त्रियांकडे गेले. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ साली सेवासदन सुरू झाले आणि त्या संस्थेने हिंदू स्त्रियांना, त्यांतही विधवांना, परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवले. त्या काळच्या ब्राह्मणी समाजात याला केवढे धैर्य लागले असेल! तरीही आपल्या सुधारणेच्या इतिहासात हे पान पटकन उलटले जाते.

उलटपक्षी आनंदीबाई जोशी. दुर्गाडीचा पूल ओलांडला की आमचा भिवंडी तालुका लागतो आणि अलीकडे कल्याण. तिथे १८६५ साली त्यांचा जन्म झाला. १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ साली, एकाही रुग्णावर स्वदेशात उपचार करण्यापूर्वी, गेल्या. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र लिहिले, श्री. ज. जोशींनी ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी लिहिली, नाटक झाले, २०१९ साली चित्रपट झाला. हे सगळे योग्यच आहे. पण डॉक्टर होऊ पाहणारी स्त्री आपल्या कल्पनाशक्तीला जितकी भावली, तितकी ससूनमध्ये पाट्या-भांडी उचलत शिकणारी विधवा भावली नाही. आजही मराठीत डॉक्टरांच्या आत्मकथनांचा वेगळा कप्पा करता येईल इतकी पुस्तके आहेत, आणि त्यांतली काही खरोखर वाचनीय आहेत: रवी बापटांचे ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’, अभय बंगांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’, प्रकाश आमट्यांचे ‘प्रकाशवाटा’. मी वर्गात परिचारिकेने लिहिलेल्या आत्मकथनाचे नाव विचारले, तेव्हा साठ मुलांत शांतता पसरली. दलित स्त्रियांच्या, देवदासींच्या, घरकाम करणाऱ्यांच्या कथनांवर आपण प्रबंध लिहितो. ज्या बाईने शेकडो माणसांना मरताना पाहिले, तिला आपण अजून विचारलेले नाही.

धोरणाच्या बाजूने पाहिले तर हा असमतोल जुनाच आहे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली अहवाल दिला तेव्हा देशात ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका. म्हणजे आपल्याकडे डॉक्टर दुर्मिळ होते, पण परिचारिका त्याहून सातपट दुर्मिळ होत्या. कोणत्याही नीट चालणाऱ्या आरोग्यव्यवस्थेत हे गुणोत्तर उलटे असते. त्याच अहवालाने आणखी एक निर्णय घेतला. त्या काळी पदवीधर डॉक्टरांबरोबर लायसन्शिएट म्हणजे कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले डॉक्टरही असत. समितीने हा दुसरा वर्ग बंद करून एकच ‘मूलभूत डॉक्टर’ घडवावा अशी शिफारस केली. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदवले होते. शिफारशीमागचा हेतू उदात्त होता: खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का द्यावा? प्रत्यक्षात काय घडले ते आपण पाहतोच. एकच उत्तम डॉक्टर घडवला गेला आणि तो शहरात राहिला. रिकाम्या जागेत कोण आले, हे भिवंडीच्या कुठल्याही मोहल्ल्यातल्या पाट्या वाचून कळते.

हा आक्षेप मी हलका मानत नाही. किंबहुना या संपूर्ण वादातला तोच एक खरा आक्षेप आहे. भिवंडीसारख्या गावाला पाणी दुय्यम, रस्ते दुय्यम, शाळा दुय्यम. आता उपचारही परिचारिकेच्या हातचे घ्या, डॉक्टर मलबार हिलसाठी राखून ठेवतो, असे कोणी म्हणत असेल तर त्याला विरोधच केला पाहिजे. गरिबांसाठी स्वस्तातली आवृत्ती काढण्याचा मोह प्रत्येक सरकारला होतो.

परंतु उत्तर कामाच्या स्वरूपात शोधावे लागते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात, प्राथमिक उपचारात डॉक्टरांचे काम प्रशिक्षित परिचारिकांकडे सोपवले तर काय होते, याविषयीचे १८ प्रयोग तपासले गेले. रुग्णांची प्रकृती तितकीच चांगली, काही बाबतींत अधिक चांगली राहिली. रुग्णांचे समाधान अधिक होते. आणि परिचारिकांनी प्रत्येक रुग्णाला अधिक वेळ दिला. यांतले जवळजवळ सगळे प्रयोग श्रीमंत देशांतले आहेत, हे सांगितले पाहिजे. पण आपल्याला त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी ज्या गावकरी स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, त्यांत अक्षरओळख नसलेल्याही होत्या. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या स्त्रियांना नवजात बालकांची तपासणी करणे, न्यूमोनिया व जंतुदोष ओळखणे आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन देणेही शिकवले. ३९ गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये आले: तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूदर सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला होता. खेडवळ बाईच्या हाती सुई देण्याच्या कल्पनेने अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या. बालके मात्र वाचली. पुढे घरी जाऊन नवजात बाळाला पाहण्याचे काम देशभरातल्या आशांकडे आले, त्याचे मूळ या गावांत आहे.

याच्या जोडीला दुसरा पुरावा ठेवला पाहिजे, नाही तर वरच्या परिच्छेदाचा सोयीस्कर अर्थ काढला जाईल. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास करून २०१४ साली दाखवले, की एका परिचारिकेकडचा एक रुग्ण वाढला तर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याचा संभव ७ टक्क्यांनी वाढतो. २०१७ साली त्यांचा आणखी एक अभ्यास आला: दर २५ रुग्णांमागे एका प्रशिक्षित परिचारिकेच्या जागी एक साहाय्यक नेमला, तर मृत्यूचा संभव २१ टक्क्यांनी अधिक आढळला. चौदा रुग्णांमागे बारावी झालेली एक मुलगी, हे या हिशेबात कोठे बसते? आपल्याकडचा मापदंड सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असा सांगतो.

म्हणजे ‘प्रमाण बदलणे’ या एकाच शब्दप्रयोगाखाली दोन परस्परविरोधी गोष्टी चालतात. एकीत परिचारिका वर चढते: तिला अधिक शिकवले जाते, निर्णय घेण्याचा अधिकार मिळतो, जबाबदारी आणि वेतन वाढते. दुसरीत सगळेच एकेक पायरी खाली ढकलले जातात: डॉक्टरच्या जागी दुसऱ्या पॅथीचा पदवीधर रात्रपाळीला, परिचारिकेच्या जागी अप्रशिक्षित मुलगी, मुलीच्या जागी रुग्णाचा नातेवाईक. भिवंडीत, आणि मला वाटते महाराष्ट्रातल्या बहुतेक मध्यम शहरांत, ही दुसरी गोष्ट कोणत्याही धोरणाशिवाय, चर्चेशिवाय कधीच पार पडली आहे. डॉक्टरांच्या संघटना पहिल्या बदलाला विरोध करतात तेव्हा रुग्णाच्या सुरक्षिततेचा दाखला देतात. दुसऱ्याविषयी तितक्या पोटतिडकीने बोललेले मी क्वचित ऐकले आहे.

सरकारची भूमिकाही सरळ नाही. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानंतर २०१८पासून उपकेंद्रांची ‘आरोग्यवर्धिनी’ केंद्रे झाली, २०२३ साली त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद आले: रक्तदाब, मधुमेह, साध्या तक्रारी पाहणारे, काही औषधे देणारे. परिचारिकेसाठी यापेक्षा चांगली शिडी कोणती असती? महाराष्ट्रात मात्र या पदावर आयुर्वेदाचे पदवीधरही घेतले गेले. त्यांच्या योग्यतेविषयी मी बोलत नाही. परंतु परिचारिका चढू शकेल अशी पायरी बांधली आणि तिच्यावरही नावाआधी ‘डॉ.’ लावणारा माणूस बसवला, यात आपली जुनी मानसिकता दिसते. दरम्यान डॉक्टर घडवण्याचा वेग वाढतच आहे: २०१४ साली देशात एमबीबीएसच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या, २०२३पर्यंत त्या एक लाखाच्या वर गेल्या. राज्यातल्या परिचारिकांनी मात्र २०२२च्या मे महिन्यात संप केला तो खासगी संस्थेमार्फत कंत्राटी भरती करू नये या मागणीसाठी.

एक चांगली गोष्ट कागदावर आहे. २०१८ सालच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रशिक्षित परिचारिकांना आणखी दीड वर्ष शिकवून सर्वसाधारण बाळंतपणे स्वतःच्या जबाबदारीवर करणाऱ्या तज्ज्ञ म्हणून तयार करायचे आहे. डॉक्टर हाकेच्या अंतरावर राहतील, गुंतागुंत झाली तर येतील. जिथे प्रसूतिगृहे भरून वाहतात आणि खासगीत सिझेरियनचा खर्च कारीगराचे वर्षाचे गणित मोडतो, त्या भिवंडीत याची सुरुवात व्हायला हवी होती. अशा परिचारिकेला रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवण्याचा, आणि ते न आले तर रुग्णाला पुढे पाठवण्याचा लेखी अधिकार असावा. रुग्णालयाच्या दर्शनी भागावर डॉक्टरांच्या पदव्यांबरोबर रात्रपाळीला किती नोंदणीकृत परिचारिका आहेत, हाही आकडा लिहिलेला असावा. काका तिथे दाखल झाले तेव्हा आम्ही सर्जनची पदवी वाचली होती. दुसरी पाटी असती तर तीही वाचली असती.

या नव्या पदाला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न मी वर्गात टाकला. माझी स्वतःची पसंती ‘सुईण’ला होती, जुना, नेमका, स्त्रियांच्या तोंडचा शब्द. दोन-तीन विद्यार्थ्यांनी हरकत घेतली. त्यांच्या आज्यांच्या घरी सुईणीला कोठे बसवत, हे त्यांनी सांगितले, आणि मी माझा आग्रह सोडला. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीने दुसऱ्या दिवशी घरून निरोप आणला: “आई म्हणते, नाव काहीही ठेवा, पण ऑर्डरवर सही कोणाची असणार ते आधी विचार सरांना.” यंदा प्रकल्पासाठी तिने आईच्याच मुलाखती घ्यायच्या ठरवले आहे. गोवराच्या हिवाळ्यातली आईची वही तिच्याकडे आहे. तिच्यात मुलांची नावे, इमारतींचे मजले, आणि काही नावांपुढे फक्त ‘गावी गेले’ असे लिहिलेले आहे.